पाला आला, माप राहिलं

परवा सकाळी साडेसहालाच फाटकाची कडी वाजली. शेजारच्या फ्लॅट स्कीममधली एक तरुण सून उभी होती, हातात मोबाईल घेऊन.

"काकू, तुमच्याकडे गुळवेल आहे ना? थोडी द्याल का? आजपासून घरात सगळ्यांनी रोज काढा घ्यायचा ठरवलंय. हे बघा ना, यात सगळं दिलंय."

मी चष्मा लावून वाचलं. गुळवेल, तुळस, ज्येष्ठमध, मिरी, दालचिनी. खाली लिहिलेलं, सर्व रोगांवर रामबाण, कोणताही साइड इफेक्ट नाही, दहा जणांना पाठवा. किती घ्यायचं ते नव्हतं. किती दिवस घ्यायचं तेही नव्हतं. कोणी घेऊ नये, हे तर नव्हतंच.

मी तिला आत बोलावलं. गवती चहा घालून चहा केला, तुळशीच्या मंजिऱ्या पुडीत बांधून दिल्या, पुदिन्याची जुडी दिली. गुळवेल मात्र दिली नाही. ती जराशी हिरमुसली. एवढी लिंबावर चढलेली वेल आणि म्हातारी कांडीभर देत नाही, असं तिला वाटलं असणार. वाटो. पाच वर्षांपूर्वी हीच गुळवेल मी न मागता साऱ्या गल्लीत वाटली होती. मधल्या काळात काय झालं ते आज लिहायचं ठरवलंय. नात्यातल्या काही जणांना ते अर्धवट माहीत आहे, त्यांनाही पूर्ण कळेल.

आधी अंगणाविषयी.

जठारपेठेतली जुनी घरं एकेक करून पडली आणि तिथे फ्लॅट उभे राहिले. आमचं घर अजून तग धरून आहे, त्यामुळे मागे चार हात अंगण उरलंय. त्यात मावेल तेवढं लावलंय. तुळस, अडुळसा, गवती चहा, कोरफड, पानओवा, पुदिना, पारिजातक, गोडलिंब, माका, सब्जा, आणि कोपऱ्यातल्या कडुलिंबावर गुळवेल. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंची फक्त तुळस, अडुळसा आणि लिंब होता. बाकी सगळं शाळेतून निवृत्त झाल्यावरचं.

अकोल्यात बाग करणं म्हणजे काय, ते इथल्यांनाच माहीत. आपली काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. कोरफड मी पहिल्या वर्षी तशीच काळ्या मातीत लावली. श्रावणात मुळाशी कुजून गेली. तेव्हा कळलं की कोरफडीला निम्मी वाळू हवी. पुदिना एप्रिलमध्ये करपतो म्हणून त्याची कुंडी पूर्वेच्या भिंतीशी हलवायची, वर हिरवी जाळी बांधायची. नळ रोज येत नाही, म्हणून तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायचं. अडुळसा मात्र गुणी. कोणी विचारो न विचारो, वाढतो आपला. गुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत.

या झाडांवर माझा विश्वास आहे. आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कोणी म्हणेल की बाई म्हातारपणी झाडपाल्याच्या विरोधात गेल्या! घसा खवखवला की पानओव्याची दोन पानं मिठासोबत चावायची. तोंड आलं की कोथिंबीर चावायची. सर्दी झाली की गवती चहा आणि आलं. चटका बसला तर आधी त्यावर गार पाण्याची धार, चांगली वीस मिनिटं, आणि मग हलक्या चटक्याला कोरफडीचा गर. साध्या सर्दीला मेडिकलमधून आपल्या मनानं अँटिबायोटिक आणून खाणाऱ्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. सर्दी बहुधा विषाणूनं होते आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, हे आता शाळेतल्या मुलांनाही शिकवतात.

पण विश्वास वेगळा आणि समज वेगळी. ती समज कशी असते ते मी लहानपणी अकोटला आजीकडे पाहिलंय.

आजी बाळगुटी उगाळायला बसली की आम्ही मुलं भोवती जमायचो. समोर सहाण, वाटीत आईचं दूध, आणि डब्यात मुरुडशेंग, हळकुंड, बाळहिरडा, वेखंड, जायफळ, सुंठ, काकडशिंगी, खारीक, बदाम. प्रत्येक जिन्नस सहाणेवर गोल फिरवायचा. त्या एका फेरीला म्हणायचं वेढा. सारं माप वेढ्यांत. बदाम-खारकेला वेढे जास्त, हिरड्याला कमी, वेखंडाला जेमतेम, आणि जायफळाला एक. बाळ दोन महिन्यांचं असलं तर इतके, पाच महिन्यांचं असलं तर तितके. पोट बिघडलं असलं तर हिरडा गाळायचा. सगळं तिच्या डोक्यात होतं. अक्षरओळख नव्हती, पण हिशेब चुकत नव्हता.

एकदा मी हौसेनं जायफळ हातात घेतलं आणि फिरवत सुटले. तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, "जायफयाचा येकच वेढा, माय. जास्ती झाला त पोट्टं सुन्न पडते."

जायफळानं गुंगी येते, जास्त झालं तर विषबाधा होते, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. आजीला ते मनगटात माहीत होतं.

आपण 'आजीबाईचा बटवा' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर बटव्यातल्या वस्तू येतात. माझं म्हणणं असं की बटवा म्हणजे त्या वस्तू नव्हेत. वस्तू तर किराणा दुकानातही मिळतात. बटवा म्हणजे कोणाला, किती, किती दिवस, आणि कधी थांबून डॉक्टरकडे न्यायचं, हे ज्ञान. ते काढून घेतलं तर उरतो नुसता पाला.

आता २०२०.

त्या वर्षी सगळेच घाबरलेले. मार्चअखेरीस आयुष मंत्रालयानं प्रतिकारशक्तीसाठी सूचना काढल्या होत्या. त्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा सांगितला होता. दिवसातून एकदा किंवा दोनदा, असं स्पष्ट लिहिलं होतं. हळदीच्या दुधाचंही माप होतं, दीडशे मिलीलीटर दुधात अर्धा चमचा हळद. पण मूळ सूचना वाचतो कोण? हातोहात पुढे जाताना जिन्नस वाढत गेले आणि माप गळत गेलं. काही घरांत तर चहाच्या थर्मासमध्ये काढा भरून दिवसभर पिणं सुरू होतं.

मीही त्यातलीच. बाहेर जाता येत नव्हतं, हाताला काम नव्हतं, आणि मागे लिंबावर गुळवेल मातलेली. मला वाटलं, आपल्याकडूनही समाजाला काही देणं होतंय. मी बोटाएवढ्या कांड्या कापायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि फाटकावर टांगून ठेवायची. लोक घेऊन जायचे, फोन करून आभार मानायचे. निवृत्तीनंतर इतकी विचारपूस मी पहिल्यांदाच अनुभवत होते. ते सुख होतं, खोटं कशाला बोलू.

अमरावतीला माझ्या मोठ्या जाऊबाई राहतात. जाणंयेणं थोडं सुरू झालं तसा पुतण्या कामानिमित्त अकोल्याला येऊ लागला. ऑगस्टपासून दर पंधरा दिवसांनी मी त्याच्याबरोबर कांड्या पाठवू लागले. जाऊबाई काटेकोर. सांगितलं की करणार. रोज सकाळी उपाशीपोटी पेलाभर काढा. किती दिवस घ्यायचा हे त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांचा माझ्यावर भरवसा. मीही सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

सप्टेंबरात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी पुन्हा येऊ लागल्या. बाळापूरकडच्या आहेत. मी वेल कापताना पाहून म्हणाल्या, "बाई, आमच्या गावाकडं ताप आला त दोन-चार दिस घेते गुयवेल, न् सोडून देते. तुमी रोज रोज काऊन पेता वो?"

मी हसले. त्यांना प्रतिकारशक्ती म्हणजे काय ते समजावून सांगितलं. शाळेत असताना सांगायची त्याच आवाजात. आज तो आवाज आठवला की कानकोंडी होते.

दिवाळी झाली आणि जाऊबाईंचं अन्न तुटलं. आधी वाटलं फराळ बाधला. मग लघवी गडद होऊ लागली, अंगाला खाज, आणि एका सकाळी पुतण्याला त्यांचे डोळे पिवळे दिसले. कावीळ. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कोणती औषधं सुरू आहेत? जाऊबाई म्हणाल्या, थायरॉइडची गोळी, बाकी काही नाही. तीन-चार दिवस तपासण्यांत गेले. कावीळ करणाऱ्या विषाणूंच्या चाचण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, काही सापडेना. शेवटी पुतण्याला आठवलं आणि तो बोलून गेला की काकूंकडची गुळवेल आई तीन महिन्यांपासून घेते.

डॉक्टर म्हणाले, "यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आधी ते बंद करा."

बंद केलं. संक्रांतीपर्यंत रक्ताचे आकडे उतरले, जाऊबाई उठून स्वयंपाकघरात आल्या. निभावलं. पण ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. सत्तरीतली बाई, माझ्या हातच्या वेलीनं, माझ्या भरवशावर.

त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं. मी फोनवर रडायला लागले तर म्हणाल्या, "अगं, तू काय विष म्हणून दिलं का? मीच डॉक्टरला सांगितलं नाही. काढा काय औषधात मोजायचा असतो का, असं वाटलं मला."

या वाक्यावर मी फार विचार केलाय. काढा औषधात मोजायचा असतो का? आपण त्याच्याकडून औषधाचं काम मागतो, मग त्याला औषधाचे नियम का लावत नाही? जे गुण देऊ शकतं ते अवगुणही देऊ शकतं. ज्याच्यापासून कधीच कुणाला काही होत नाही, त्याच्यापासून बहुधा फायदाही होत नसतो.

पुढे २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात सहा रुग्णांची हकिगत छापली. सगळे गुळवेल घेणारे, सगळ्यांच्या यकृताला इजा. पेपरात मोठी चर्चा झाली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं. त्यांचं म्हणणं, रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती हे तपासलेलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, जिच्या खोडावर ठळक उंचवटे असतात. त्यानंतर २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. त्यात निम्म्याहून अधिक बायका होत्या, आणि ज्यांच्या शरीरात आधीपासून थायरॉइडसारखा विकार आहे अशांना धोका जास्त असू शकतो, असा त्या डॉक्टरांचा कयास होता. आयुष मंत्रालय मात्र आपल्या मतावर ठाम राहिलं.

मी काही या वादात निवाडा देणारी नव्हे. आमची वेल मी कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन औषधी वनस्पती उद्यानात नेऊन जाणकारांना दाखवली. ती गुळवेलच निघाली. जाऊबाईंना तिच्यामुळेच झालं की नाही, ते डॉक्टरांनीच सांगितलं नाही तर मी कुठून सांगू? पण दोन्ही बाजू खऱ्या धरल्या तरी माझी चूक चूकच राहते. डॉक्टरांचं खरं असेल तर मी धोक्याची वस्तू बेहिशेबी वाटली. मंत्रालयाचं खरं असेल तर पारख न करता कोणी कुठलीही वेल कापून पिऊ नये, हेच सिद्ध होतं. मीसुद्धा पारख नंतर केली, वाटली आधी.

बाळापूरच्या मावशींचं ते "दोन-चार दिस" म्हणजे आजीचा वेढाच होता. माझ्याच दारात माप चालत आलं होतं आणि मी त्याला प्रतिकारशक्ती शिकवत बसले.

गुळवेलीचं सोडा. दुधी घ्या, आपल्याकडची लवकी. तिचा रस वजन कमी करायला, साखरेला, हृदयाला म्हणून घरोघरी सुरू झाला. २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ कडू दुधीचा रस पिऊन दगावले. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं समिती नेमली. समितीनं सांगितलं ते इतकंच, की रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखून बघा, कडू लागला तर फेकून द्या, आणि रस पिऊन त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. तरी जून २०१८ मध्ये पुण्यात पुन्हा एक बाई तशाच रसानं गेली.

आता सांगा, दुधी चिरताना तुकडा चाखून बघायचा हे आपल्या आयांना कोणत्या समितीनं सांगितलं होतं? काकडी, दोडका, लवकी, काहीही चिरायला घेतलं की आधी टोकाची चकती जिभेवर. कडू निघालं की बाहेर. माझी आई हे न बोलता करायची, मीही करते. भाजी कडू होऊ नये एवढंच कारण आम्हाला माहीत होतं, पण त्या सवयीनं जीव राखले जात होते. मिक्सरमध्ये सालासकट टाकून नाक दाबून प्यायला लागलो तेव्हा ती चकती गेली. वर आपला समज असा की औषध म्हटलं की कडूच असणार, जितकं कडू तितकं गुणकारी!

ज्येष्ठमधाचंही तसंच. घसा बसला की छोटा तुकडा चघळायचा, एवढाच त्याचा आमच्या घरी उपयोग. तोच रोजच्या काढ्यात महिनोन् महिने गेला तर रक्तदाब वाढतो, अंगातलं पोटॅशियम उतरतं. आणि हा काढा पिणारे कोण, तर माझ्या वयाचे, रक्तदाबाची गोळी सुरू असलेले.

हे वाचून काही तरुण मंडळी खूश होतील. म्हणजे हे सगळं थोतांडच ना आजी? नाही रे बाळांनो, तेही नाही.

अडुळशातल्या एका द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन नावाचं औषध बनलं, जे खोकल्याच्या औषधांत आजही घालतात. एक वर्षावरच्या माणसाच्या साध्या खोकल्याला आधी मध घेऊन बघा, असं ब्रिटनच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेत २०१९ मध्ये आलं. आणि चीनच्या तू योयो बाईंची गोष्ट तर मी शाळेत असते तर वर्गात सांगितली असती. हिवतापावर औषध शोधताना त्या जुने ग्रंथ चाळत होत्या. एका झुडपाचा उल्लेख होता, पण त्याचा अर्क कधी लागू पडायचा, कधी नाही. मग चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात त्यांना कृती सापडली. पाला पाण्यात भिजवून पिळून घ्यायचा. उकळायचा नाही. त्यांच्या लक्षात आलं की उष्णतेनं गुण जात असावा. कमी तापमानावर अर्क काढला आणि औषध सापडलं. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. लाखो जीव वाचवणारं औषध झुडपाच्या नावात नव्हतं, ते कृतीत होतं. झुडपाचं नाव तर सगळ्यांनाच माहीत होतं.

तेव्हा जुन्या ज्ञानाला हसणारे आणि जुन्याच्या नावानं काहीही पिणारे, दोघांचं दुखणं एकच. दोघंही कृती वाचत नाहीत.

आणि आजीचं सगळंच बरोबर होतं असंही नव्हे. बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, असं आज जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणजे तिची गुटी, कितीही मोजून उगाळलेली असली तरी, आज मी माझ्या पणतीला देणार नाही. वेखंड अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. बाळाला वर्षाच्या आत मध चाटवू नये, हेही तिला माहीत नव्हतं. अडुळसा गरोदर बाईनं घेऊ नये, हे मात्र तिला माहीत होतं आणि आज फॉरवर्ड करणाऱ्यांना माहीत नसतं. माप पिढीगणिक सुधारायचं असतं. फेकून द्यायचं नसतं, तसं सोवळ्यात बांधूनही ठेवायचं नसतं.

उन्हाळ्याचंच बघा. आपल्याकडे पारा ४५च्या पुढे जातो. २०२४च्या मे महिन्यात तर उन्हामुळे अकोल्यात कलम १४४ लावायची पाळी आली होती. कैरीचं पन्हं, ताक, सब्जा घातलेलं लिंबू सरबत, डोक्याला पांढरा दुपट्टा, दुपारी घराबाहेर न पडणं, ही आपली परंपरेची औषधं आणि ती खरोखर कामाची. खिशात कांदा ठेवतात, ठेवा, त्यानं अपाय नाही. पण अंग तव्यासारखं तापलं, माणूस असंबद्ध बोलायला लागला, भोवळ येऊन पडला, की पन्हं आणि कांदा दोन्ही संपले. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि तसाच दवाखान्यात पोचवा. पन्हं कुठे संपतं आणि दवाखाना कुठे सुरू होतो, ती रेघ ज्याला दिसते त्यानं खुशाल घरगुती उपाय करावेत.

म्हणून मी आता एक वही केलीय. शंभरपानी, शाळेत वापरायची तशीच आखलेली. प्रत्येक पानावर एक झाड आणि पाच रकाने. कशासाठी, किती, किती दिवस, कोणाला नाही, आणि कधी थांबायचं. उदाहरणार्थ, गवती चहा. सर्दी-पडशाला, कपाला दोन पाती, तीन-चार दिवस. ताप तीन दिवसांच्या वर गेला, धाप लागली, लघवी कमी झाली, तर चहा नाही, डॉक्टर. जिथे मला स्वतःला रकाना भरता आला नाही तिथे मी तो रिकामाच ठेवलाय, आणि ज्या झाडाचा रकाना रिकामा ते मी कोणाला खायला-प्यायला देत नाही. गुळवेलीच्या पानावर अजून तीन रकाने रिकामे आहेत. ती वेल अंगणात आहे, हिरवीगार आहे, राहू दे. लिंबावर ती शोभते.

कोणी पाला मागायला आलं की मी तीन प्रश्न विचारते. किती दिवसांपासून त्रास आहे? कोणत्या गोळ्या सुरू आहेत? घ्यायचं कोणाला आहे, गरोदर बाई किंवा तान्हं बाळ तर नाही? लोकांना वाटतं, बाईंची मास्तरकी अजून गेली नाही. खरंच गेली नाही. आणखी एक सांगते, दवाखान्यात डॉक्टरांनी "काय घेता?" विचारलं की काढा, चूर्ण, रस, आसव, सगळं सांगायचं. गोळीइतकंच मोठ्यानं सांगायचं.

तुमच्याही घरात कोणी ऐंशी-नव्वदीचं असेल तर त्यांच्याकडून नुसती झाडांची नावं लिहून घेऊ नका. नावं कुठेही मिळतात. त्यांना विचारा, किती वेढे? कधी द्यायचं नाही? मग ते लिहिलेलं एकदा तुमच्या डॉक्टरांनाही दाखवा. ही माणसं गेली की पाला उरेल, माप जाईल.

परवाच्या त्या सुनेला मी हे सगळं सांगितलं नाही. इतकं ऐकायला सकाळी साडेसहाला कोणाला वेळ असतो? फक्त विचारलं, घरात कोणाला थायरॉइड, रक्तदाब? ती म्हणाली, सासूबाईंना दोन्ही आहे, आणि... थोडी लाजली. तिसरा महिना होता. मी तिला म्हटलं, "मग काढा राहू दे बाई. आणि डॉक्टर सांगतील तेवढंच घे." तिनं तो मेसेज माझ्यासमोरच पुसला.

मागच्या महिन्यात नात्यातल्या लग्नासाठी जाऊबाई अकोल्याला आल्या होत्या. चार दिवस राहिल्या, तब्येत ठणठणीत. जाताना अंगणात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एक रोप दे ना मला कुंडीत लावायला."

माझा हात थबकला. त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, गवती चहा मागतेय. आणि किती पाती टाकायची, ते या वेळी कागदावर लिहून दे."

लिहून दिलं.